पस्तीसचा आकडा

मुलगी कोचीला नोकरीला गेली, तेव्हा दोन बॅगा घेऊन गेली आणि तीन फूट लांबीची काचेची टाकी आमच्यावर सोपवून गेली. टाकीत खारं पाणी, दगडांची छोटी रास, त्यावर वाढलेलं एक जांभळट पोवळं आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. मासे हा तिच्या अभ्यासाचाच विषय. महाडच्या कॉलेजात शिकवत होती तोवर टाकीचं सगळं तीच बघायची. आम्ही नवराबायको टाकी फक्त पाहुण्यांना दाखवायचो.

जाण्याआधी तिने मला आठवडाभर शिकवलं. टाकीशेजारी दोन पिंपं. निळ्यात समुद्री मिठाची पूड विरघळवलेलं पाणी; दर पंधरवड्याला टाकीतलं थोडं जुनं पाणी काढून तेवढंच ते घालायचं. पांढऱ्यात फिल्टरचं साधं पाणी. रोज जेवढं आटेल तेवढंच ते घालायचं. खारटपणा मोजायला एक वीतभर नळी होती, दुर्बिणीसारखी. तिच्या काचेवर टाकीतल्या पाण्याचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडे तोंड करून बघायचं. वर निळं, खाली पांढरं दिसतं. दोन्हींची सीमा ज्या आकड्यावर येते तो खारटपणा.

"बाबा, पस्तीस," ती म्हणाली. "एखादा आकडा इकडेतिकडे चालेल. पण सारखं वरखाली झालं तर ते सोसत नाही त्यांना."

मी कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. सोमवार, बुधवार, शुक्रवार पोलादपूरला जातो आणि तहसील कचेरीसमोर लोकांचे अर्ज लिहून देतो. नोंदी ठेवणं अंगात भिनलेलं. शंभर पानी वही आणली, रकाने आखले, रोज सकाळी आकडा लिहू लागलो. दोन महिने पस्तीस, पस्तीस, चौतीस, पस्तीस.

एप्रिल लागला आणि आकडा बिघडला. एका शनिवारी अडतीस आला. घाबरून दोन बादल्या खारं पाणी काढलं आणि तेवढं साधं घातलं. दुपारी बघतो तर बत्तीस. चार दिवसांत पुन्हा सदतीस. दोघांपैकी मोठी होती ती मासोळी दगडामागे जाऊन बसली. दाणे टाकले तरी बाहेर येईना. पोवळं मिटलं ते उमलेना.

मुलीला फोन केला. तिच्याशी मी कधी फार बोलणारा नव्हतो. ती आईशी बोलायची, मग आई मला सांगायची. आता मात्र रोज संध्याकाळी माझाच फोन.

"आधी नळी तपासा," ती म्हणाली. "पांढऱ्या पिंपातल्या पाण्याचा थेंब टाका. शून्य यायला हवं."

दोन आलं. नळीवरचा बारीक स्क्रू फिरवून तिने सांगितल्याप्रमाणे शून्यावर आणलं. मला वाटलं, सापडलं! पण आठवडाभरात आकडा परत चढला. तिने मग बादल्यांचा खेळ बंद करायला लावला. "एकदम एवढं साधं पाणी घालू नका. दिवसाला दोन तांबे खारं काढून तेवढं साधं, बस्स. आणि बाबा, वही वाचून दाखवा. आकडा नको, पाणी किती घातलं ते."

मी वाचत गेलो. "रविवारी अडीच लिटर. सोमवारी अडीच. मंगळवारी काही नाही, पाणी होतं तेवढंच होतं. बुधवारी अडीच. गुरुवारी काही नाही."

"थांबा. काही नाही म्हणजे? महाडला एप्रिलमध्ये, टाकीवर पंखा चालू, आणि पाणी आटलं नाही?"

खरं तर अशा सकाळी मला बरंच वाटायचं, चला, आज काम वाचलं.

"टाकीत तुमच्याशिवाय कोणी पाणी घालतं का?"

"छे! घरात आहे कोण? मी आणि तुझी आई. आई हातसुद्धा लावत नाही."

फोन ठेवल्यावर वही पुन्हा चाळली. पाणी न आटलेले दिवस मंगळवार, गुरुवार, शनिवार. म्हणजे आदल्या दिवशी मी पोलादपूरला.

शुक्रवारी निघताना पाण्याच्या पातळीला काचेवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला. दिवसभर अर्ज लिहिताना लक्ष लागलं नाही. एका म्हातारबाबांच्या वारस नोंदीच्या अर्जात त्यांच्या गावाऐवजी माझंच गाव लिहिलं. एसटीतून उतरून तडक घरी आलो. पाणी पट्टीच्या वर होतं. दोन बोटं वर.

बायको स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. माहेर तिचं पोलादपूरच्या वरच्या अंगाची एक वाडी. चाळीस वर्षं महाडात काढली तरी बोली तिथलीच. मी विचारलं, "तू टाकीत पाणी घालतेस का?"

"मी? नाय."

मी तिथेच उभा राहिलो. तिने तांदळातून मान वर केली नाही. निवडता निवडताच म्हणाली, "निळ्या पिंपातलं घालते. तांब्याभर. कधी दोन-तीन."

"अगं, निळ्यातलं? त्यात मीठ आहे!"

"म्हनून तर! समुद्राचे मासे ते. त्यांना गोडं पानी कसं घालायचं? आन झाकनाच्या कडंला बघा की, पांढरं मीठ फुलून आलेलं हाय. मीठ बाहेर येतंय ते मला दिसतंय ना डोळ्यांनी. मग आत कमी नाय होनार?"

झाकणाच्या कडेला खरंच मिठाची पांढरी पापडी धरली होती. मी रोज बघत होतो. तिने बघून त्यावर विचार केला होता. रागवावं कसं?

"हे बघ," मी म्हणालो, "उन्हाने नुसतं पाणी उडून जातं. मीठ आतच राहतं. कडेला येतं ते चिमूटभर."

"म्हनजे आमटी आटते तसं?"

"तसंच."

"मग असं सांगायचं ना! आमटी आटून खारट झाली तर मी पानी घालीन, मीठ कशाला घालीन?"

मला हसू आलं, तीही हसली. मग मी विचारलं, "पण मला सांगितलं का नाहीस? मी नसतानाच का?"

आता हसू गेलं. सुपातले तांदूळ तिने उगाच सारखे केले. "तुमी गेल्यावर मी तिथं खुर्ची घेऊन बसते. पोरीची खोली ती. त्यांच्याशी बोलते. आज काय केलं, कोन भेटलं. ऊन वाढल्यापासनं बोलताना पानी खाली गेलेलं दिसायचं, म्हनून घालायची. तुमी असलात की कशी बसू? तुमी म्हनाल, येडी झाली."

मी काही म्हणालो नसतो. कारण पहाटे ती उठायच्या आत मी तिथंच बसायचो. वही पाच मिनिटांत लिहून व्हायची आणि अर्धा तास मी नुसता बसून राहायचो. हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. ती सूप बाजूला ठेवून उठली, चहा टाकला आणि दोन्ही कप मुलीच्या खोलीत घेऊन गेली. दुसरी खुर्ची मी नेली.

पुढे फार काही करावं लागलं नाही. निळ्या पिंपाला घट्ट झाकण बसवलं. रोज दोन तांबे खारं काढून साधं घालत पाच-सहा दिवसांत आकडा छत्तिसावर आला, मग पस्तिसावर. आठव्या दिवशी मासोळी दगडामागून निघाली आणि बायकोने टाकलेला दाणा तिने वरच्या वर टिपला. बायको एवढ्याने ओरडली की शेजारीण दारात आली. पोवळ्याला मात्र वेळ लागला. एक बाजू वाळली ती वाळलीच, दुसरी हळूहळू उमलली.

आकडा स्थिरावला आणि माझी वेगळीच पंचाईत झाली. मुलीला फोन कशासाठी करायचा? दोन संध्याकाळी केला नाही. तिसऱ्या दिवशी लावला.

"बाबा, काय बिघडलं?" तिने लगेच विचारलं.

"काही नाही. पस्तीस आहे."

"मग?"

"तू जेवलीस का?" म्हणालो.

पलीकडून ती म्हणाली, "नाही अजून. भात लावलाय." आणि सांगू लागली. खानावळीतलं नारळाचं तेल सोसेना म्हणून स्वतः करून खाते, घरमालकीण तिला मल्याळम शिकवते, पहिल्या महिन्यात रोज रडायची, आईला कळू दिलं नाही. भात होईपर्यंत ती बोलत होती. मी ऐकत होतो. बायको शेजारी येऊन बसली आणि मी फोन दोघांच्या मध्ये धरला.