गेर्बरच्या घरचं पाणी

प्रतीक्षा गेल्याचं मला तिच्या भावाच्या फोनवरून कळलं. "बाई, ताई गेली. डेंगू झालाता," एवढंच तो बोलला. सव्वीस वर्षांची पोर, चार दिवसांच्या तापात... महिना उलटला तरी माझा राग जात नाही, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नाही.

पुण्याच्या एका कंपनीत मी जर्मन साहेबांची दुभाषी होते. निवृत्तीनंतर भोरला घरीच जर्मन शिकवते. वेल्ह्याकडच्या गावातून एसटीनं येणारी प्रतीक्षा इथल्या एका दवाखान्यात नर्स होती आणि तिला जर्मनीतल्या वृद्धाश्रमात नोकरी धरायची होती. तिथल्या म्हाताऱ्यांना आडनावानंच हाक मारावी लागते, म्हणून तिनं आडनावांचा ध्यासच घेतला. 'म्युलर'साठी शीळ घालताना करतात तसा ओठांचा चंबू करून 'ई' म्हण, असं सांगितलं तर हसून हसून बेजार व्हायची. पण उच्चार जमला की लगेच अर्थ हवा. श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, म्युलर म्हणजे गिरणीवाला.

"आन् गेर्बर?"

"कातडी कमावणारा. आमचे मोठे साहेब गेर्बरच होते."

ती हसायची थांबली. "त्यांच्या घरी लोक पानी पित्यात?"

"पितात की. नावाचा अर्थ कुणाच्या ध्यानातही नसतो."

मग तिनं सांगितलं. आदल्याच दिवशी सलाईन लावताना एका आजींनी तिचं आडनाव विचारलं आणि ऐकल्यावर हात मागं घेतला. "दुसरीला बोलाव म्हणल्या. बाई, मला तितंच जायचंय. हितं न्हाई ऱ्हायचं."

मी धीर दिला. तिथे आडनाव नाही, पण कातडीचा रंग बघणारे भेटतात, हे मला ठाऊक होतं. सांगायची छाती झाली नाही. आणि पहिल्या दिवशी "नुसतं प्रतीक्षा? पुढे काय?" असं मीच तिला दोनदा विचारलं होतं. ते आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

परीक्षा ती पास झाली होती. व्हिसाची मुलाखत तेवढी राहिली.

तिच्यावर लेख देते म्हटल्यावर वर्तमानपत्राच्या पुरवणीतून फोनवर विचारलं, "फोटोखाली पूर्ण नाव काय घालू?" "नुसतं प्रतीक्षा," मी म्हटलं. पलीकडचा माणूस जरा घुटमळला. "म्हणजे... कुठल्या त्या?"

इथवर वाचताना तुम्हीही ते आडनाव शोधलं असेल. मी सांगणार नाही. एवढंच आता तिला देता येतं, आणि तेही ती गेल्यावर.