चौथ्या रिळाचं शेपूट

आमच्या एका सिनेमाच्या डिस्कबरोबर लहानशी पुस्तिका येते. तिच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक वाक्य आहे. चौथ्या रिळाचा शेवटचा तुकडा कुटुंबाच्या तळघरातल्या उष्णतेमुळे खराब झाला, याबद्दल कुटुंब दिलगीर आहे, असं ते सांगतं. ते वाक्य खोटं आहे. ते मी लिहिलं नाही, पण ते माझ्यामुळे लिहिलं गेलं. आता नवी आवृत्ती निघते आहे, म्हणून झालेलं सगळं एकदा सरळ सांगून टाकतो.

मी पुण्याहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन टोरोंटोला आलो तो एका फिल्म लॅबमध्ये लागलो. फिल्म धुणं, प्रिंट काढणं, रंग जुळवणं, यात चाळीस वर्षं गेली. लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवत. चित्राची शेवटची फ्रेम संपली की त्यापुढे जे काही असेल, कोरी पट्टी म्हणा, चुकून जोडला गेलेला तुकडा म्हणा, ते कापायचं आणि टोपलीत टाकायचं. त्याला आम्ही शेपूट म्हणायचो. शेपटामुळे फिल्म मशिनमध्ये अडकते. अशी शेपटं मी हजारोंनी कापली असतील.

पुढे सगळं डिजिटल झालं, लॅब बंद पडली आणि मी घरी बसलो. घरी बसणं मला जमत नाही. दीड-दोन वर्षांनी एका माणसाचा फोन आला. चाळिशीतला, लहानपणी आईवडिलांबरोबर हाँगकाँगहून आलेला. जुने कँटोनीज भुताचे सिनेमे तो दुरुस्त करून डिस्कवर काढायचा. काँप्युटरवर काम करणारी माणसं त्याच्याकडे होती, पण खरी फिल्म हातात धरता येईल असं कुणी नव्हतं. मी त्याच्या विमानतळाजवळच्या युनिटमध्ये, म्हणजे गाळ्यात, आठवड्यातून तीन दिवस जाऊ लागलो. तो मला अंकल म्हणतो.

आमच्या मराठी मंडळींना याची भारी गंमत वाटली. एक निवृत्त डॉक्टर मित्र भेटला की विचारायचा, "काय, आज कोणतं भूत दुरुस्त केलंत?" मीही सांगायचो, आज ताठ हात पुढे करून उड्या मारत येणारं प्रेत आहे, कपाळावर पिवळा कागद चिकटवला की जागीच थांबतं.

या डिस्क घेणारे लोक अजब. एकच भूत तीनदा विकत घेतील, फ्रेम थांबवून कोपरा न् कोपरा बघतील. एकदा हवेत उडणाऱ्या चेटकिणीच्या पाठीवरची तार आमच्या मुलांनी काँप्युटरवर पुसून टाकली, तर चिडलेल्या ईमेल आल्या. आमची तार परत द्या. पुढच्या आवृत्तीत ती परत घालावी लागली. त्या दिवशी मला कळलं की लॅबचा नियम इथे उलटा आहे. इथे काहीच टाकायचं नसतं. नखाएवढा तुकडा कापला तरी पाकिटात घालायचा आणि पाकिटावर रिळाचा नंबर लिहायचा. मालकानं हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि मी ते पाळतही होतो.

मग टोरोंटोच्याच स्कारबरो भागातल्या एका बाईंकडून सहा डबे आले. मूळ निगेटिव्ह कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसलेल्या एका सिनेमाची ती अख्खी प्रिंट होती. बाईंच्या नवऱ्यानं त्यात काम केलं होतं. नायकाचं नव्हे, पहिल्या अर्ध्या तासात मरून पुढे प्रेत होऊन उड्या मारत फिरणाऱ्या शेजाऱ्याचं. नंतर दोघं इकडे आले आणि त्यांनी बेकरी टाकली. चायनाटाउनमधलं एक थिएटर बंद होताना नवऱ्यानं ती प्रिंट मागून आणली आणि तळघरात ठेवली. तो जाऊन काही वर्षं झाली होती.

मी एकेक रीळ टेबलावर घेतलं, जोड तपासले, धूळ टिपली. फिल्म उत्तम होती. जुनी फिल्म कुजायला लागली की तिला व्हिनेगरचा वास येतो. इथे तो जराही नव्हता. स्कॅनर आमचा नव्हता. दुसऱ्याच्या जागी वेळ ठरवून जावं लागे आणि आमची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची होती. बाहेर बर्फ पडत होतं, घरी जाऊन ड्राइव्हवे शोव्हल करायचा होता. शेवटी राहिलं होतं चौथं रीळ.

त्याच्या टोकाला, चित्र संपल्यावर, दोनएक सेकंदांचा एक तुकडा टेपनं जोडलेला होता. टेपचा चिकटा पाझरून आजूबाजूच्या फ्रेमवर आला होता. हे स्कॅनरमध्ये गेलं तर अडकणार. मी भिंगाखालून तो तुकडा सावकाश सरकवत पाहिला. शवपेटीतला माणूस डोळे उघडतो आणि हसतो. बिघडलेला शॉट, मी मनाशी म्हटलं. माझ्या हातानं कात्री कधी लावली ते मला कळलंही नाही. पाकिटात घातला असता तर पाकीटही बरबटलं असतं. मी तो टोपलीत टाकला. तो बुधवार होता. टोपली गुरुवारी सकाळी रिकामी होते.

दोन महिन्यांनी मालकानं बाईंना युनिटमध्ये सिनेमा दाखवायला बोलावलं. त्या घरचे बन घेऊन आल्या. केस पांढरेशुभ्र, कोट अंगातून काढलाच नाही. नवरा मेल्याचा प्रसंग आला तेव्हा हसल्या, प्रेत उड्या मारायला लागलं तेव्हा तर गुडघ्यावर हात आपटत हसल्या. चौथं रीळ संपत आलं तशा पुढे सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "आता." पडद्यावर पाचवं रीळ सुरू झालं.

त्यांनी मालकाला काहीतरी विचारलं. तो माझ्याकडे वळला. "अंकल, रिळाच्या शेवटी एक छोटा तुकडा होता का?"

मग त्यानं समजावून सांगितलं. प्रेताचं काम करणं अशुभ मानतात. म्हणून नटाला पैसे घातलेलं लाल पाकीट देतात, ते सगळीकडेच. पण त्या दिग्दर्शकाचा आणखी एक हट्ट होता. शॉट संपला तरी कॅमेरा चालू ठेवायचा, आणि मेलेल्यानं डोळे उघडून कॅमेऱ्यासमोर हसायचं. नाहीतर मरण माणसाबरोबर घरी येतं. ही हसण्याची फिल्म कुणी वापरत नसे. यांच्या नवऱ्याचा तुकडा एडिटरनं त्याला भेट दिला, आणि त्यानं तो आपल्या प्रिंटला जोडून ठेवला.

"दाखवीन, दाखवीन म्हणायचा," बाई इंग्रजीत मला म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी बेकरीच्या काउंटरवर घडलेलं, तुटक पण स्वच्छ. "आमच्याकडे प्रोजेक्टर कुठला? ओव्हन होता."

म्हणजे त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. तो बघायलाच त्या आल्या होत्या.

दोघं माझ्याकडे बघत होते. माझं वय तेव्हा पंचाहत्तर होऊन गेलेलं. म्हातारा चुकायला लागला असं मालकाला वाटलं तर हे तीन दिवसही जातील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी म्हणालो, "तेवढा भाग कुजला होता. उष्णतेनं होतं असं. डबे कशाजवळ होते?"

हे शेवटचं विचारायची काही गरज नव्हती.

इथल्या घरांना ऊब देणारी फर्नेस तळघरातच असते. बाई आठवून म्हणाल्या, "फर्नेसजवळ. मीच सांगितलं त्याला, डबे तिकडे सरकव, मला वॉशिंग मशीन ठेवायचंय. तो म्हणाला होता, तिथे गरम होतं." मग त्या मालकाशी कँटोनीजमध्ये बोलल्या. पुस्तिकेतलं ते वाक्य त्यांच्या आग्रहावरून आलं.

त्या शरद ऋतूत त्यांच्या चंद्राच्या सणाला माझ्या नावानं एक डबा आला. त्यांनी स्वतः केलेले मूनकेक. जाड साच्यातले, मध्ये खारवलेल्या अंड्याचा बलक. बरोबर चिठ्ठी: बाकीचा सिनेमा वाचवलात, आभार. मी तो डबा बायकोकडे सरकवला. दुसऱ्या वर्षी पुन्हा डबा आला, तिसऱ्या वर्षीही.

"भुताच्या बायकोचे लाडू आले," बायको म्हणाली. "अहो, एक तरी खा."

"त्यात अंडं असतं."

"रविवारी ऑम्लेट चालतं की तुम्हाला."

मी पेपर वाचत राहिलो. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला. पन्नास वर्षांच्या संसारात तिनं असं दोनदाच केलंय. मग मी तिला सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "तीन वर्षं तुम्ही त्या बाईला फर्नेसशेजारी उभं करून ठेवलंय. चला, गाडी काढा."

स्कारबरोला पोचलो तर म्हणाली, "मी गाडीतच बसते. मी समोर असले की तुम्ही माझ्याकडे बघून बोलता."

बाईंनी दार उघडलं, माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं आणि विचारलं, "गाडीत कोण?"

"माझी बायको."

"थंडीत बसवलंय? आधी तिला आत आणा, मग काय ते बोला."

अशी आम्ही तिघं त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. बाईंनी चहाचं पाणी ठेवलं. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं. तुकडा कुजला नव्हता. मी तो कापला आणि टाकला. मग तुम्हाला खोटं सांगितलं.

किटली शिट्टी घालायला लागली. बाईंनी उठून ती बंद केली, पण चहा केला नाही.

"टोपलीत टाकला?"

"हो."

"फर्नेसमुळे नाही?"

"नाही. तुमचं तळघर चांगलं होतं. एकाही रिळाला वास नव्हता."

त्या खुर्चीवर बसल्या. बराच वेळ टेबलावरच्या प्लास्टिकच्या आच्छादनाची सुरकुती बोटानं सपाट करत राहिल्या. "मी कपडे धुवायला खाली जाते तेव्हा त्याची माफी मागते," त्या म्हणाल्या. "आठवड्यातून दोनदा. एकटीचे कपडे असे कितीसे असणार."

बायको खिडकीबाहेर बघत होती.

मग त्यांनी मान वर केली. "पण तुम्ही तो पाहिला. भिंगातून."

"पाहिला."

"सगळा?"

"सगळा. पन्नासएक फ्रेम असतील."

"मग सांगा."

मी डोळे मिटले. चाळीस वर्षं चित्राचे रंग डोक्यात साठवून जुळवण्याचंच काम केलं होतं, त्यामुळे तो तुकडा मला दिसत होता. नाहीतरी तीन वर्षं दुसरं काय दिसत होतं? मी सांगितलं. आधी डावा डोळा उघडतो, मग उजवा. तोंडाला फासलेल्या पांढऱ्या भुकटीला ओठांपाशी भेग पडते. उजव्या कोपऱ्यातून लाल पाकीट धरलेला एक हात येतो, मनगटावर घड्याळ आहे.

"दिग्दर्शक," बाई म्हणाल्या. "ते घड्याळ त्याच्या राजेरजवाड्यांच्या सिनेमातसुद्धा एकदा दिसलंय."

"ते पाकीट लगेच घेत नाहीत. कॅमेऱ्याच्या बाजूला कुणाकडे तरी बघतात आणि हसतात. तोंड उघडून."

"नाही," त्या म्हणाल्या. "तो तसा हसत नसे. तेव्हा तर मुळीच नाही."

"तोंड उघडून हसले. वरचा एक दात तुटलेला होता. अर्धा."

बाई उठून सिंकपाशी गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. तो दात नवऱ्यानं लग्नाच्या आधी बसवून घेतला होता, असं त्यांनी तिथूनच सांगितलं. त्याआधी तो हसताना तोंडावर हात धरायचा. त्यांना तो दात त्यानं कधी दिसू दिला नाही.

"पुढे?"

"पुढे तुकडा संपतो."

मग त्यांनी चहा केला.

निघताना मी म्हणालो की पुस्तिकेत माझी माफी छापायला सांगतो. त्या म्हणाल्या, "माफी कोण वाचतं? तो कसा हसला ते वर लिहा. कात्रीचं खाली लिहा." दुसऱ्या दिवशी मी मालकाला सांगितलं. तो म्हणाला, "अंकल, सिनेमा दाखवला त्या दिवशी सांगितलं असतंत तरी मी कचऱ्याच्या गाडीमागे धावलो नसतो, गाडी तोवर गेलेली असती. पण आंटीला घरी सोडायला मी गेलो होतो. सबंध रस्ताभर ती फर्नेसबद्दल बोलत होती." त्यानं मला कामावर ठेवलं. माझ्या टेबलाखालची टोपली मात्र उचलून नेली. आता तिथे काहीच नाही. कापलेलं हातात धरून मला पाकिटापर्यंत चालत जावं लागतं.

नव्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर एक परिच्छेद आहे. आधी डावा डोळा, मग उजवा, घड्याळ, पाकीट, तुटका दात. त्याच्या खाली, हा तुकडा फिल्म साफ करणाऱ्यानं चुकीनं कापून टाकला, तळघराचा काही दोष नव्हता, एवढंच. छापण्याआधी मजकूर बाईंकडे पाठवला होता. त्यांनी एकच दुरुस्ती केली. ‘हसतो’च्या आधी ‘मोठ्यानं’ घालायला सांगितलं. त्या तुकड्यावर आवाज नव्हता, पण मी ते तसंच राहू दिलं.

यंदाही सणाला डबा आला. पत्ता आमचाच, नाव मात्र माझ्या बायकोचं होतं. तिनं एक मूनकेक मधोमध कापला, अर्धा बशीत घालून माझ्यासमोर ठेवला आणि बसून राहिली. मी तो खाल्ला, बलकासकट.