बोटांच्या फटीतून तूप

राजधानीतल्या द्वारकेत मेट्रोचे नुसतेच खांब उभे होते, तेव्हा मी परीक्षेसाठी इंग्लंडचा फौजदारी कायदा घोकत होते. एका रविवारी आमचे पंजाबी शेजारी जेवायला आले. पुरणपोळीचा बेत होता. मी जेवता जेवता भाषण ठोकलं, "तिथं बाईची संमती होती असं पुरुषाला नुसतं वाटून चालत नाही. तसं वाटायला सबळ कारण लागतं."

"बिल्कुल बरोबर," म्हणत आईनं शेजाऱ्यांना आणखी एक पोळी वाढली. बिचारे दोन्ही हातांनी ताट झाकून "बस, भाभीजी, बस!" म्हणत होते. आईनं त्यांच्या बोटांच्या फटीतून तूप सोडलं.

माझं डोकंच फिरलं. "आई, ते नाही म्हणतायत!"

"पहिल्यांदा सगळे नाहीच म्हणतात गं."

"अगदी खरं," बाबा हसत म्हणाले. "लग्न ठरताना हिनंसुद्धा आधी नाहीच म्हटलं होतं."

"नंतरही नाहीच म्हटलं होतं," आई म्हणाली. "तुम्हा सगळ्यांना वाटलं, लाजतेय."

बाबांचा घास हातातच राहिला. आईनं पोळ्यांचा डबा त्यांच्यापुढे धरला आणि आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं, "वाढू का?"