सात नंबरचा पॉडकास्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि तिला तर माझ्या दाढदुखीचा इतिहासही पाठ आहे. तुम्हाला सांगतो. हसलात तरी चालेल.

बोंडअळीनं कपाशी पोखरली, त्या वर्षांतली गोष्ट. दारव्ह्याच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचो. पोरं शेतात अडकलेली, वर्ग ओस. प्राचार्यांनी फर्मान काढलं — प्रत्येकानं एका धड्याचा पॉडकास्ट करायचा, पोरं मोबाइलवर ऐकतील. मीही केला. चाळीस मिनिटं, जुन्या नोट्स, मागे पंख्याची घरघर. एका विद्यार्थिनीनं आदरानं सांगितलं, की तिच्या आजोबांना आता छान झोप लागते.

मग दर्जा तपासायला तिघांची समिती नेमली. त्यात मी! स्वतःचा तेवढा तपासायचा नाही, एवढंच पथ्य. बाकी पद्धत कडक — नावं झाकलेली, फाइलीवर फक्त नंबर. पण आवाज कसा झाकणार? सात नंबर सुरू झाला आणि मी ओळखलं — सुनंदा मॅडम. बोरी अरबहून जीपनं येणाऱ्या, तासिकेवर काम करणाऱ्या. त्यांना पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, ते या गुणांवर ठरणार होतं. मला ते ठाऊक होतं.

विषय गुलाबी बोंडअळी. त्या थेट आईच्या शेतात जाऊन बसलेल्या. अळीनं आतून बांधून टाकलेल्या फुलाबद्दल, म्हणजे डोमकळीबद्दल, सांगत होत्या, “बाहेरून फूल दिसते, पण आत पाव्हणी बसली राह्यते अन् तिनं दार आतून लावून घेतलं राह्यते.” मागून आई त्या पाव्हणीला शिव्या घालत होती. मी खो खो हसलो. दोनदा ऐकला. वीस वर्षं शिकवतोय, पण डोमकळी मला त्या दिवशी दिसली.

आणि मग — काय सांगू — मला माझा पंखा आठवला. भाषेच्या रकान्यात मी वीसपैकी चार गुण दिले. खाली टिप्पणी, सुवाच्य अक्षरात: ‘उच्च शिक्षणास साजेशी भाषा नाही.’ घरी आईशी मी त्याच भाषेत बोलतो. भाषेचा प्रश्न नव्हताच. मला जळफळाट झाला होता.

सुनंदा मॅडमना पुढच्या वर्षी घेतलं नाही.

दोनेक वर्षांनी त्या मला जीपमध्ये भेटल्या. ड्रायव्हरनं त्यांचाच पॉडकास्ट लावलेला; आता त्या शेतकऱ्यांसाठी तो घरूनच करतात. अख्खी जीप हसत होती. मीही हसलो, तेव्हा त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मले मालूम हाये सर, तिघाइतून तुमीच माह्या बाजूनं राह्यले असान.”

मी म्हणालो, “हो.”

इतका सोपा शब्द. तेव्हापासून त्या प्रत्येक भागाच्या शेवटी माझं नाव घेऊन आभार मानतात. मी दर भाग ऐकतो, पोट धरून हसतो. शेवटी माझं नाव येतं, तेव्हा बायको कौतुकानं आवाज थोडा मोठा करते.