दोन शिकाऱ्यांच्या मधली बावीस एकर

टेक्सासमध्ये, प्लेनोतल्या आमच्या ओळखीच्या लोकांनी घरं घेतली, मग त्याहून मोठी घरं घेतली, मग त्या घरांत होम थिएटर केलं. मी जमीन घेतली. घरापासून पावणेदोन तासांवर बावीस एकर. ओकची झाडं, कमरेइतकं गवत, दक्षिणेला एक ओढा. जो तो विचारायचा, "यार, करणार काय तिथे?" मी म्हणायचो, "काही नाही." त्यावर बायको सांगायची, "याला घरी काही न करायला जागा पुरत नव्हती, म्हणून बावीस एकर घेतली."

खरं कारण मी कुणाला सांगत नव्हतो. माझे बाबा नागपूरकडे भूकरमापक होते. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या, भावाभावांचे बांध सरळ केले, हद्दीचे दगड रोवले. आमच्या घराण्यात मात्र तुळस लावण्याइतकी शेतजमीन कुणाच्या नावावर नव्हती. तुळस आम्ही लावतही नाही, ते सोडा. बाबांना एकदा आपल्या स्वतःच्या हद्दीवरून पायी फिरवून आणायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाबा सत्त्याहत्तर वर्षांचे, बायपास झालेले. ते एकदाच येऊ शकतील हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

तर जमीन घेतली आणि शेजारी मिळाले. पूर्वेचा सत्तरीचा, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, मऊ आवाजात बोलणारा म्हातारा. पश्चिमेचा डॅलसमधला दातांचा डॉक्टर, शनिवार-रविवार येणारा. त्याच्याकडे हरणांच्या शिकारीचं इतकं सामान होतं की हरणानं ते बघूनच शरण यावं. उत्तरेला रस्ता. अशा माझ्या चतुःसीमा.

मी भिडस्त माणूस आहे. "भीड भिकेची बहीण" हे आईनं मला लहानपणापासून ऐकवलं, पण बहिणीशी संबंध तोडावेत असं मला कधी वाटलं नाही. ऑक्टोबरात म्हातारा पीचच्या मुरंब्याची बरणी घेऊन आला. म्हणाला, माझ्याकडे झाडं धड नाहीत, तुझ्या कुंपणाच्या आतल्या ओकवर मचाण बांधू का? गैरसमज नको म्हणून त्यानं कागदही आणला होता. मुरंबा हातात असताना माणसाला नाही कसं म्हणायचं? मी सही केली. वाचलं नाही. आम्ही आयटीतली माणसं, खाली 'आय अ‍ॅग्री' दिसलं की दाबून मोकळे होतो.

आठवड्यानं डॉक्टरचा तसाच कागद ईमेलवर आला. त्याला माझ्या जमिनीतल्या पश्चिमेच्या टेकाडावर मचाण हवं होतं. आता एकाला हो म्हटलं आणि दुसऱ्याला नाही, तर ते बरं दिसतं का? मी त्यावरही सही केली आणि दोघांना दिवाळीचा चिवडा पाठवला. दोन्ही बाजूंचे संबंध एका महिन्यात जुळवले म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

बायकोनं एकच प्रश्न विचारला. "दोन्ही मचाणांची तोंडं कुठे आहेत?"

"एकमेकांकडे."

"आणि मध्ये?"

"मध्ये आपण," मी म्हटलं.

हंगाम सुरू व्हायच्या आधीच फोन सुरू झाले. डॉक्टरनं त्याच्या जमिनीत मका फेकणारं पिंप बसवलं होतं, ठरल्या वेळी आपोआप दाणे उधळणारं. म्हाताऱ्याचं म्हणणं, हा मका दाखवून माझी हरणं पळवतो. डॉक्टरचं म्हणणं, सहा महिने मका मी घालतो आणि म्हातारा आयत्या बिळावर नागोबा होऊन बसतो; शिवाय वारा माझ्याकडे असला की मुद्दाम सिगार ओढतो, म्हणजे हरणांना वास जावा. मी म्हाताऱ्याला म्हणायचो, तुमचं बरोबर आहे. डॉक्टरला म्हणायचो, तुमच्या म्हणण्यातही तथ्य आहे. ऑफिसात दोन टीम भांडतात तेव्हाही मी हेच करतो. तिथे त्याला स्टेकहोल्डर मॅनेजमेंट म्हणतात आणि दरवर्षी मला त्याबद्दल शाबासकी मिळते.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाबा आले. परतीचं तिकीट नाताळ झाला की लगेचचं. हरणांचा हंगाम बरोबर त्याच दिवसांत, तो जानेवारी उजाडल्यावर संपणार. हे मला तिकीट काढताना माहीत नव्हतं. मला हरणांचं कॅलेंडर बघायची सवय नाही.

पहिल्या शनिवारी पहाटे निघालो. बाबांनी स्वेटर, मफलर, कानटोपी असा सगळा बंदोबस्त केला होता. फाटकाशी गाडी थांबवून मी त्यांना भडक नारिंगी जॅकेट दिलं. इथे शिकारीच्या दिवसांत ते घालतात, म्हणजे लांबूनही माणूस हा माणूस दिसतो. बाबांनी ते दोन बोटांत धरून न्याहाळलं.

"हे काय होय?"

"बाबा, सेफ्टीसाठी आहे. घाला."

"आयुष्यभर निळ्या झेंड्याखाली चाललो. अन् आता या वयात तू मले भगवं नेसवतं?"

मी समजावत होतो तेवढ्यात पूर्वेकडून बार झाला. मग पश्चिमेकडून. बाबांनी मान वळवून एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. मी म्हटलं, "आज नको, पुढच्या शनिवारी जाऊ." पुढच्या शनिवारी तेच झालं, त्याच्या पुढच्याही. फाटकाच्या आत गाडी उभी करायची, काचा वर, थर्मासमधला चहा घ्यायचा आणि बाबांनी काचेतून गवत बघायचं. शेजाऱ्यांना सकाळपुरतं थांबायला सांगावं असं दर वेळी मनात यायचं. पण सकाळ हीच शिकारीची वेळ, त्यांना काय वाटेल, असं म्हणून मी गप्प बसायचो. बाबा तक्रार करत नव्हते, त्यामुळे मला जास्त त्रास होत होता.

चौथ्या शनिवारी हरीण पडलं. म्हाताऱ्यानं गोळी घातली, ते जखमी होऊन माझ्या जमिनीतून आडवं धावलं आणि थेट डॉक्टरच्या मचाणाखाली जाऊन कोसळलं. कोसळायला सबंध बावीस एकर मोकळी असताना. मी गाडीतून उतरून पोचेपर्यंत दोघं हरणाच्या दोन बाजूंना उभे होते. बंदुका दोघांनी आपापल्या ट्रकमध्ये ठेवल्या होत्या, तेवढं नशीब.

"गोळी माझी आहे," म्हातारा म्हणाला.

"त्याच्या पोटातला मका माझा आहे," डॉक्टर म्हणाला. "आणि म्हातारबुवा इथे माझ्या मचाणाखाली आलेच कसे, ते आधी विचारा."

म्हाताऱ्यानं खिशातून माझ्या सहीचा कागद काढला. डॉक्टरनं फोनवर माझ्या सहीचा कागद उघडला. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तुमच्या दोघांच्याही म्हणण्यात..."

पाठीमागे गवत खसखसलं. बाबा येत होते. कानटोपी, तपकिरी स्वेटर, जॅकेट नाही. हरणाच्या रंगाचा स्वेटर घालून हा माणूस शिकारीच्या हंगामात दोनशे पावलं चालत आला होता. मी ओरडायला तोंड उघडलं. पण ओरडून काय उपयोग, आता ते पोचलेच होते.

आधी ते हरणापाशी थांबले आणि हात जोडून काहीतरी पुटपुटले. दोघा शिकाऱ्यांनी टोप्या काढल्या. आम्ही काही शाकाहारी लोक नाही. बाबांना झणझणीत मटण असलं की दोन भाकरी जास्त लागतात. पण समोर पडलेल्या जिवापाशी दोन क्षण थांबायचं, ही त्यांची रीत.

मग त्यांनी मला भांडण विचारलं. मी सांगितलं. बाबा म्हणाले, "भांडण नको सांगू. कागद दाखव. जमिनीच्या मामल्यात माणसाचं तोंड नाही पाहत, कागद पाहत असते."

दोन्ही कागद त्यांनी बोट फिरवत, ओठ हलवत, सावकाश वाचले. बाबांचं इंग्रजी सरकारी आहे, बोलता येत नाही पण वाचलेलं सुटत नाही. आम्ही तिघं तिथे शाळेतल्या पोरांसारखे उभे. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"यायले सांग, हरीण ज्यानं मारलं त्यानं न्यावं. मका खाल्ला तो हरणानं, त्याले आता काय परत मागता?"

मी सांगितलं. डॉक्टरनं मान डोलावली.

"आता तुझं सांगतो," बाबा म्हणाले. "या कागदात पूर्वेच्याले सबंध बावीस एकर देली, हंगाम संपेस्तोवर. त्या कागदात पश्चिमेच्यालेबी तेच. एकच वावर दोघायले. आमच्याकडे असं करणाऱ्याच्या मागं पोलीस लागत. यायचं भांडण नाही होय हे. भांडण तू लावलं."

"बाबा, मी फक्त नाही म्हटलं नाही."

"तेच सांगून रायलो."

मग त्यांनी म्हाताऱ्याच्या कागदातल्या शेवटच्या ओळीवर नख ठेवलं. मालक लेखी कळवून परवानगी कधीही काढून घेऊ शकतो. दुसऱ्या कागदातही तीच ओळ होती. दोघांनी सज्जनपणे ती माझ्यासाठी घालून ठेवली होती आणि मी ती वाचायची तसदी घेतली नव्हती.

मी मराठीतच म्हटलं, कारण ते दोघं समोर होते. "बाबा, शेजारी आहेत. हंगामाच्या मधेच असं सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल."

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "त्यायले वाईट वाटन म्हणून मी गाडीत काचा लावून बसू?" ते म्हणाले. "सात समुद्र वलांडून आलो, बाळा. अन् चार आठवड्यांनी आज तुह्या वावरात माह्या पायाले माती लागली, तेबी तुमच्या भांडणापायी."

मला लाज वाटली. मी तिथल्या तिथे फोनवर चार ओळी लिहिल्या, दोघांना पाठवल्या आणि तोंडानंही सांगितलं. उद्यापासून माझ्या जमिनीत मचाण नको, आत येऊन शिकार नको, आपापल्या जमिनीतून गोळी माझ्याकडे सुटायला नको. माझे वडील सकाळी इथे चालणार आहेत. म्हातारा म्हणाला, "तू मला शब्द दिला होतास." डॉक्टर म्हणाला, "मलाही." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोघांनी एकमेकांकडे सहानुभूतीनं बघितलं.

तंटा मिटला तो असा. माझ्या विरोधात दोघांची पक्की दोस्ती झाली. डॉक्टरनं म्हाताऱ्याला आपल्या जमिनीत जागा दिली. पुढच्या आठवड्यात दोघं त्याच्या लांबच्या कोपऱ्यात एकाच मचाणावर शेजारी शेजारी बसलेले दिसले, माझ्या जमिनीकडे पाठ करून. म्हातारा तिथे सिगार ओढत होता आणि डॉक्टरला त्या वासाचं काही नव्हतं. मी हात केला. कुणीही हात केला नाही. मुरंबा पुन्हा आला नाही. चिवड्याच्या डब्याचं तर विचारूच नका.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी बाबा जमिनीत उतरले. जॅकेट घातलं, पण वरून निळी शाल गुंडाळून घेतली, म्हणजे घालून न घातल्यासारखं. मी शाल काढून जॅकेटच्या आतून त्यांच्या गळ्यात घातली. पूर्वेच्या कुंपणापासून सुरुवात केली. बाबा पावलं मोजत चालले होते, ओठांतल्या ओठांत. कोपऱ्यावरचा लोखंडी खांब हातानं हलवून बघत होते. मी दहा पावलं मागे राहिलो, कारण मधेच बोललेलं त्यांना मोजणीत चालत नाही.

ओढ्याच्या अलीकडे ते थांबले. मग खाली बसले, सरळ मातीत, मांडी घालून. मला वाटलं छातीत दुखलं. मी धावत गेलो.

"काही नाही झालं. बसलो फक्त."

धाप थोडी कमी झाल्यावर त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, आजवर कधी न सांगितलेली. नोकरीची पहिलीच वर्षं. एका गावात दिवसभर उन्हात उभं राहून त्यांनी एका शेतकऱ्याची शेजाऱ्यानं दाबलेली अर्धा एकर जमीन त्याला मोकळी करून दिली. दुपारी त्याच्याच वावरात झाडाखाली बसून डबा उघडला. तो माणूस आला, बाबांचं आडनाव विचारलं, आणि हात जोडून, अगदी अदबीनं म्हणाला, साहेब, तिकडे रस्त्यावर जाऊन बसा.

"त्या दिवसापासून कोणाच्या वावरात टेकलो नाही," बाबा म्हणाले. "डबा उभ्यानंच खाल्ला. नोकरी संपेस्तोवर."

काहीतरी करावं म्हणून म्हटलं, "बाबा, गवत ओलं आहे. गाडीतून खुर्ची आणतो."

"खुर्ची तं सरकारनंबी देली होती," बाबा म्हणाले. "मले जमिनीवर बसू दे."