तकलीफ नाही, साहेब

मला पहिला संशय आला तो आमदारांवर नाही, पप्पांवर. आमदार नंतर आले. आधी ती डबी.

पप्पांची गोळ्यांची डबी आहे, सात खान्यांची, सोमवार ते रविवार. मीच ऑनलाइन मागवलेली. एका रविवारी डोकं दुखत होतं म्हणून काहीतरी शोधत होते आणि ती उघडली, तर प्रत्येक खान्यात बीपीची अर्धीच गोळी. ब्लेडने कापलेली, एकदम सरळ, मोजपट्टी लावल्यासारखी. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "मला वाटलं डॉक्टरांनीच डोस कमी केला." मला नाही तसं वाटलं. कारण पंधराच दिवसांपूर्वी पप्पा आमच्या नालासोपाऱ्याच्या बिल्डिंगच्या जिन्यात मधेच बसले होते आणि मला म्हणाले होते, चपलेत खडा गेलाय. चप्पल पायातच होती आणि घाम पार कानामागे.

"पप्पा, गोळ्या अर्ध्या का?"

त्यांनी डावा कान माझ्याकडे केला. पप्पा तोफखान्यात हवालदार होते, डावा कान तिथेच गेला. उत्तर द्यायचं नसलं की तो कान पुढे करतात, हे आमच्या घरात लहान पोरालाही कळतं.

शेवटी आईनेच काढून घेतलं. माजी सैनिकांचा दवाखाना खाडीच्या पलीकडे, मुंबईत. जायला-यायला अख्खा दिवस जातो. तिथे कधी हीच गोळी संपलेली असते, पुढच्या आठवड्यात या म्हणतात. पुढच्या आठवड्यात परत अख्खा दिवस. म्हणून महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवायच्या, असा त्यांनी स्वतःच बंदोबस्त केलेला. मी म्हटलं, मी आणते ना खालच्या मेडिकलमधून. तर म्हणाले, "फौज देते ते सोडून दुकानात का जाऊ? मी काय रिटायर झालोय?" त्यांना रिटायर होऊन अठरा वर्षं झालीत. त्यानंतर ते वालीवला एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला होते, त्यातूनही रिटायर झाले.

आणि त्याच आठवड्यात पप्पांच्या ग्रुपवर मेसेज आला. एक आमदार माजी सैनिकांना भेटणार, 'आरोग्य आणि सवलती' या विषयावर, शनिवारी, शाळेच्या हॉलमध्ये. सोबत दोन झेंडे आणि हात जोडलेला फोटो.

मी लगेच शोधलं. एक तर हे विधान परिषदेचे. म्हणजे आमच्या मतांची त्यांना डायरेक्ट गरजच नाही, मग आमच्याकडे कशाला? दुसरं, सैनिकांचा दवाखाना हे दिल्लीचं काम, आमदार त्यात करून करून काय करणार? मी मोबाईलमध्ये एक फोल्डर केलं आणि नाव दिलं 'पुरावा'. पहिला स्क्रीनशॉट त्या मेसेजचा.

शनिवारी मी मुद्दाम बरोबर गेले. पप्पांनी मेडल लावलेले, बूट असे चमकवलेले की आईने विचारलं, "अहो, लग्नाला निघालात का?" हॉल दुसऱ्या मजल्यावर. पप्पा जिन्यात दोनदा थांबले. कठड्यावरून खालची बाग बघतोय असं दाखवत होते, खाली बाग वगैरे काही नव्हतं.

आत बॅनर होता, त्यावर तोफ. पप्पा शेजारच्या खुर्चीवरच्या सुभेदार काकांना हळूच म्हणाले, "साब, ही तोफ आपली नाय. बॉर्डरपलीकडच्यांची आहे." दोघं तोंडावर हात ठेवून हसले. सुभेदार काका इथलेच, निर्मळजवळचे, त्यांची भातशेती खाडीच्या बाजूला. पप्पा साताऱ्याकडचे. फौजेत कधी भेटले नाहीत, इथे भाजी घेताना भेटले.

आमदार वेळेवर आले. पप्पांना ते लई आवडलं, मला त्याचाच संशय आला. स्टेजवर न बसता खाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, ते पण मी व्हिडिओत घेतलं. शाली झाल्या, नारळ झाले. मग त्यांनी विचारलं, "दवाखान्याची काय अडचण आहे? मोकळेपणाने सांगा, मी त्याच्यासाठीच आलोय."

सुभेदार काका ताडकन उभे. छाती पुढे. "कोई तकलीफ नहीं, साब."

त्यांच्या बाजूचे उभे. "कोई तकलीफ नहीं, साब." पुढचे उभे. तेच. अशी अख्खी रांग. मी मागून पप्पांच्या पाठीकडे बघत मनात म्हणत होते, बोला, गोळ्यांचं बोला. पप्पा उभे राहिले, टाचा जुळवल्या.

"कोई तकलीफ नहीं, साब."

आमदारांचा पीए एका वहीत लिहीत होता. मी जाऊन बघितलं. सगळ्यांच्या नावापुढे 'तक्रार नाही' आणि पुढे सह्या. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हेच पाहिजे होतं ना यांना, आता ही वही कुठेतरी दाखवणार, बघा, सगळे खूश. वहीचा पण फोटो काढला.

खाली रस्त्यावर मी दोघांनाही धरलं. "साहेब स्वतः विचारतायत आणि तुम्ही नाही म्हणता?"

"पोरी," सुभेदार काका म्हणाले, "पलटनीत मोठा साहेब दरबार घेतो आनि विचारतो, कोई तकलीफ? तवा कोनी हो म्हनायचं नसतं."

"का?"

"कारन साहेब जातो निघून. मग सुभेदार त्याला बोलावतो. तुला लई तकलीफ आहे काय रे, म्हनून."

"मग?"

"मग काय. तो सुभेदार मीच होतो."

पप्पांनी डावा कान पुढे केला आणि स्कूटरला किक मारली.

चार दिवसांनी मी वालीवला ऑफिसात असताना फोन आला. स्वतः आमदार. हजेरीच्या फॉर्मवर पप्पांच्या नावापुढे नंबर माझा टाकलेला. मी पटकन रेकॉर्डिंग चालू केलं. म्हणाले, "तुमचे वडील जिन्यात दोनदा थांबले, मी मागेच होतो, वेळ व्हायची म्हणून खाली थांबलेलो. तकलीफ नाही असं मला वाटत नाही. पण सभागृहात उभा राहून मी सांगू काय? सगळ्यांनी नाही म्हणून सही केलीय. मला काहीतरी लेखी द्या."

जिन्यात हा माणूस मागे होता हे मला माहीतच नव्हतं. पण लेखी कशाला पाहिजे? लेखीवर पुढे कोण काय करेल कुणी सांगितलंय? तरी घरी येऊन पप्पांना विचारलं. ते म्हणाले, "तक्रार लिहून देणार नाही. विषय संपला." मी म्हटलं परत जिन्यात चक्कर आली तर? तर कान.

आईने कपाटाच्या खालच्या खणातून पप्पांच्या छोट्या पॉकेट डायऱ्या काढल्या आणि माझ्या मांडीवर टाकल्या. एक उघडली. पप्पांचं बारीक, उभं अक्षर.

०६१० निघालो. ०९४० पोहोचलो. टोकन घेतले. १३२० नंबर लागला. बीपी गोळी नाही, पुढील आठवड्यात येणे. १८०५ घरी.

पान उलटलं. परत तेच, दुसरी तारीख. शेवटच्या ओळीत 'गोळी नाही'. मग 'गोळी मिळाली'. मग 'नाही'. एका पानावर फक्त, 'वाटेत बसलो, १० मिनिटे.' मी ती ओळ दोनदा वाचली आणि आईकडे बघितलं. ती भाजी निवडत होती.

"पप्पा, हे काय आहे?"

"लॉग आहे. बाहेर गेलं की लिहायचं असतं."

"मग ही तक्रार आहे का?"

ते भडकलेच. "तक्रार कुठाय ह्यात? जे झालं ते लिहिलंय."

"म्हणजे रिपोर्ट."

"हां. रिपोर्ट."

"आणि साहेबाने रिपोर्ट मागितला तर?"

ते टीव्हीकडे बघायला लागले, टीव्ही बंद होता. मग म्हणाले, "मागितला तर द्यावाच लागतो."

दुसऱ्या दिवशी पप्पांच्या सांगण्यावरून सुभेदार काकांनीही आपली वही आणली, भाताच्या नोंदींच्या मधे मधे दवाखान्याच्या फेऱ्या. मी ओरिजिनल द्यायला साफ नकार दिला. झेरॉक्स काढल्या, प्रत्येक पानावर नंबर टाकला आणि आमदारांच्या ऑफिसात पोच म्हणून शिक्का मागितला. पीए म्हणाला, "ताई, एवढा संशय?" मी म्हटलं, "हो." त्याने शिक्का मारला. तारीख अस्पष्ट होती, मी परत मारायला लावला.

अधिवेशनात आमदार बोलले त्या दिवशी मी ऑफिसात मोबाईलवर लाइव्ह लावून, एका कानात हेडफोन घालून बसले होते. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. फक्त वाचलं. शून्य सहा दहा निघालो. शून्य नऊ चाळीस पोहोचलो. वाटेत बसलो, दहा मिनिटे. आमची सुपरवायझर मला विचारायला आली की रडतेयस का, मी म्हटलं सर्दी आहे. मंत्री म्हणाले, माहिती घेऊन केंद्राला कळवू. दोन दिवसांत चौकात बॅनर लागला, आमदारांचा हसरा फोटो, खाली 'सैनिकांचा आवाज'. मी लगेच पुराव्यात टाकला. म्हटलं, झालं, इथेच संपलं.

नव्हतं संपलं. पत्रं गेली, परत पत्रं गेली, आमदारांच्या ऑफिसने मला प्रत्येकाची कॉपी पाठवली, मी एकही नीट वाचल्याशिवाय सोडली नाही. आणि पावसाळ्यानंतर फिरता दवाखाना सुरू झाला. त्याच मोठ्या दवाखान्याची गाडी, तिथलीच औषधं, महिन्यातून दोन गुरुवार, निर्मळच्या तळ्याजवळ. स्कूटरवरून थोडंसंच अंतर. पहिल्या गुरुवारी गाडी आली. दुसऱ्या गुरुवारी पण आली. मी दोन्ही वेळा नंबर प्लेटचा फोटो काढला. डबीत अख्ख्या गोळ्या आल्या. मी रोज तपासते, पप्पांना माहितीये की मी तपासते.

तिसऱ्या वेळी आम्ही साडेनऊला जाऊन उभे राहिलो. केळीच्या गाड्या गेल्या, फुलवाल्या बायका गेल्या. दहा वाजले. गाडी नाही. सुभेदार काका म्हणाले, "येल, येल. ट्राफिक असल." साडेदहा. मला वाटलं होतंच, दोन वेळात संपणार हे. डबीत शनिवारपर्यंतच्या गोळ्या होत्या.

पप्पांनी खिशातून डायरी काढली. स्कूटरच्या सीटवर ठेवून लिहिलं, ०९३० पोहोचलो. १०३० गाडी नाही. पेन खिशाला लावलं. मला वाटलं आता म्हणतील, चल घरी, ठीक आहे.

"तुझ्याकडे नंबर आहे ना त्यांचा?"

"कोणाचा?"

"आमदार साहेबांचा. लाव फोन."

सुभेदार काका पुढे आले. "हवालदार, काय सांगनार तू साहेबाला?"

"तकलीफ आहे म्हणून सांगणार," पप्पा म्हणाले, आणि मोबाईल घ्यायला हात पुढे केला. उजव्या कानाला लावला, चांगल्या. रिंग जात होती.