रोमेडनं दाखवलेला डोंगर

माझी तिकीट खिडकी आणि रोमेड फाल्कनरचं काउंटर, मधे एक काच. चौदा वर्षं मी त्या काचेतून त्याची पाठ बघत आले आणि त्याचं बोलणं अर्धंमुर्धं ऐकत आले.

त्याचं काम माहिती देण्याचं. पण स्की करायला आलेले लोक एकच गोष्ट विचारायचे, आज कुठल्या डोंगरावर जाऊ? आमच्या गावाला चार डोंगर आहेत. चारांवर रोपवे, चारांवर उतार, आणि तिकीट एकच. एका तिकिटात चार डोंगर मिळाले की माणसाचं डोकं चालेनासं होतं. सकाळी साडेआठला बाहेर छान ऊन असतं, अंगात जड बूट, खांद्यावर स्की, आणि ही माणसं भिंतीवरच्या नकाशासमोर तोंड उघडं टाकून उभी.

रोमेड त्यांना नकाशा दाखवायचाच नाही आधी. तो विचारायचा, गुडघे कसे आहेत, सोबत कोण आहे, काल किती वाजता झोपलात. मग सांगायचा. म्हाताऱ्यांना शाफेगवर, तिथे सकाळचं ऊन असतं आणि बर्फ मऊ. ज्यांना चांगलं येतं त्यांना काल्टवांडवर, पण दहानंतर, तोवर तिथे काचेसारखा बर्फ असतो. दुपार घालवायला रॉसकोगेल. आणि ग्राउकोफ? तिथे तो कुणालाच पाठवायचा नाही. म्हणायचा, "ज्याला विचारावं लागतं, त्यानं तिथे जाऊ नये."

एकदा एक जर्मन नवरा-बायको त्याच्यासमोर चांगलेच भांडायला लागले. तिला ऊन हवं होतं, त्याला उतार. रोमेडनं दोघांचं निमूट ऐकून घेतलं, त्याला काल्टवांडवर धाडलं, तिला शाफेगवर, आणि साडेबाराला अमुक खानावळीत एकत्र जेवा म्हणून बजावलं. संध्याकाळी ती बाई चॉकलेटचा डबा ठेवून गेली. मी म्हटलं, "जमलं वाटतं त्यांचं." तो म्हणाला, "ते मला काय माहीत. मी फक्त डोंगर वेगळे केले."

त्याला हे सगळं का कळायचं, तर तो जन्मलाच शाफेगच्या पायथ्याच्या घरात. लहानपणी उन्हाळाभर वर गुरांमागे. एकोणिसाव्या वर्षी रॉसकोगेलच्या लिफ्टवर, म्हणजे रोपवेवर, नोकरीला लागला आणि गुडघा मोडेपर्यंत वरच राहिला. गुडघा मोडला तेव्हा कंपनीनं त्याला खाली आणून खुर्चीत बसवलं. बायको झीटा घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांना द्यायची. मुलगी लग्न होऊन लिन्झ शहरात. एवढाच त्याचा पसारा.

आणखी एक गोष्ट होती, ती तो क्वचित बोलायचा. त्याचे वडील शेवटची काही वर्षं भ्रमिष्ट झाले होते. विकून टाकलेल्या गायींना हाका मारत घरातल्या सपाता घालून बाहेर पडायचे. रोमेड तेव्हा पन्नाशीचा होता. वडिलांना शोधून शोधून त्याचे पाय तयार झाले होते. एखादं नाव चटकन आठवलं नाही की तो एकदम गप्प व्हायचा, आणि ते आठवेपर्यंत माझ्याशी बोलायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या खोऱ्यातली रोपवे कंपनी आणि आमची कंपनी एक झाल्या. मुख्य कचेरीतून तमारा नावाची एक बाई आली. स्वभावानं चांगली होती, लोकांशी नीट बोलायची. तिनं आम्हा सगळ्यांना बसवून समजावलं की बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना काल्टवांड, रॉसकोगेल ही नावं म्हणता येत नाहीत.

रोमेड म्हणाला, "म्हणायचीत कशाला? चढायचंय ना त्यांना?"

सगळे हसले, तमाराही हसली, पण नावं बदललीच. शाफेग झाला सन. ग्राउकोफ झाला स्नो. रॉसकोगेल झाला स्काय. काल्टवांड झाला स्टार. चारही इंग्रजी, चारही 'स'वरून सुरू होणारी. मी तिकीट विकते, मला काय, पण मीसुद्धा पहिला महिनाभर अडखळत होते. रोमेडनं काउंटरच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली, जुनं नाव, पुढे नवं. लोक विचारायचे ते नव्या नावानं, तो ते मनात जुन्यात उतरवायचा, उत्तर शोधायचा, परत नव्यात आणायचा. ज्या माणसाला पूर्वी विचार करावा लागत नव्हता, तो आता प्रत्येक वाक्याआधी थांबू लागला. ते थांबणं त्याला आवडत नव्हतं, हे मला काचेतून दिसायचं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्टीत, मंगळवारी, एक डच माणूस आला. हेसेल नाव, खूप उंच. त्याची तेरा वर्षांची मुलगी जिल्डू पाहुणेघरात ओळख झालेल्या मुलींबरोबर सकाळीच वर गेली होती. बाराला त्या मुली आपापल्या घरच्यांकडे जाणार, आणि ही वरच्या स्टेशनपाशी बापाची वाट बघणार, असं ठरलं होतं. हेसेलनं रोमेडला विचारलं की तिथे जायचं कसं. हॉलमधे दोनशे लोक, सगळ्यांच्या बुटांचा खडखडाट. रोमेडनं कागदी नकाशावर पेन्सिलनं एक गोल काढून तो त्याच्या हातात दिला, हात लांब करून दार दाखवलं, आणि हेसेल त्या दारातून गेला. एवढंच मी पाहिलं.

बाराच्या सुमारास वारा सुटला. साडेबाराला वरच्या लिफ्टा बंद करून लोकांना खाली आणायला सुरुवात झाली. माझी तिकीट विक्री थांबली. दीडच्या सुमाराला हेसेल घामाघूम होऊन काउंटरवर आला. मुलगी भेटलीच नव्हती, तिचा फोन बंद होता.

"तुम्ही सांगितलं तिथे तासभर उभा होतो मी," तो म्हणाला.

"कुठे?"

"स्टारवर."

"हो, तुम्ही स्टारच म्हणालात."

"नाही. मी स्काय म्हणालो. ती स्कायवर आहे."

रोमेडनं चिठ्ठीकडे पाहिलं. मग परत पाहिलं. मग म्हणाला, "हो, स्कायच म्हणालात तुम्ही," आणि लगेच, "थांबा, नाही, मला वाटतं..." त्यानं हेसेलकडून नकाशा मागून घेतला. पेन्सिलचा गोल होता, पण स्काय आणि स्टार दोन्हीच्या लिफ्टा खाली एकमेकींना चिकटून निघतात, आणि गोल दोघींभोवती होता. हेसेलनं माझ्याकडे पाहिलं. काचेपलीकडून मी ऐकलं असेल असं त्याला वाटलं. मी ऐकलं होतं. पण मी काय ऐकलं, हे मला शपथेवर सांगता आलं नसतं. एकदा मनात स्काय ऐकू यायचं, एकदा स्टार.

बचाव पथकाला कळवलं. वरून निरोप आला की रॉसकोगेलवर, म्हणजे स्कायवर, आता कुणी नाही. पिवळ्या जाकिटातली एक मुलगी बराच वेळ थांबली होती, मग सगळ्यांना खाली जा म्हटलं तेव्हा तीही निघाली. कुठल्या बाजूनं, ते लिफ्टवाल्यानं पाहिलं नव्हतं. आमच्या बाजूला ती उतरली नव्हती. पथकाची माणसं आमच्याकडचा उतार शोधायला निघाली.

रोमेड हॉलच्या दारात जाऊन उभा राहिला. वारा कुठून येतोय ते बघत होता. मग आत आला आणि पहिल्यांदाच त्या दिवशी न अडखळता बोलला.

"वारा आमच्या बाजूनं चढतोय. एकटं पोर तोंडावर वारा घेऊन उतरणार नाही. पाठीवर घेईल. ती पलीकडे गेली."

पलीकडे म्हणजे दुसरं खोरं. डोंगरावरून वीस मिनिटं, रस्त्यानं वळसा घालून तासभर. पथकाला सांगितलं, तिकडच्या स्टेशनला फोन लावला, कुणी उचलेना. रोमेडनं खिशातून गाडीची किल्ली काढली आणि ती माझ्या हातात दिली.

"गेर्लिंड, तू चालव. आज मला माझा भरवसा नाही."

आम्ही तिघं निघालो. हेसेल मागे बसून एकसारखा मुलीचा फोन लावत होता. रोमेड माझ्या शेजारी. पुलानंतर जो फाटा लागतो, तिथून तो चाळीस वर्षं जातोय. तिथे तो म्हणाला, "डावीकडे." रस्ता उजवीकडे होता. मी उजवीकडे वळले. त्यानं पाहिलं, आणि हात मांडीवर घट्ट धरून बसला. पुढच्या गावापर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

जिल्डू अग्निशमन दलाच्या खोलीत सापडली. तिकडच्या लिफ्टवाल्यानं तिला रस्त्यालगत उभी पाहिली होती आणि शेगडीजवळ आणून बसवलं होतं. फोन थंडीनं बंद पडला होता, बापाचा नंबर पाठ नव्हता. कुणीतरी तिला चीजचा गोळा घातलेलं सूप दिलं होतं, ते ती खात होती. बापाला बघून तिनं चमचा खाली ठेवला.

"तू होतास कुठे?" ती रागानं म्हणाली. त्यांच्या भाषेत म्हणाली, पण ते कळायला भाषा लागत नव्हती.

हेसेल गुडघ्यावर बसला आणि रडला. मग उठून रोमेडकडे वळला. मला वाटलं, आता हा ओरडणार. रोमेडलाही तसंच वाटलं असावं, कारण तो आधीच मुलीला म्हणाला, "तुझ्या बाबांची चूक नाही. मी चुकीचा डोंगर दाखवला."

हेसेल हळूच म्हणाला, "गाडीत मी तेच आठवत होतो. कदाचित मीच स्टार म्हणालो असेन. आता खरंच आठवत नाही."

मला वाटलं होतं, हे ऐकून रोमेडला हलकं वाटेल. पण तो जास्तच कोसळल्यासारखा झाला. चूक आपली आहे हे ठरलं असतं तरी त्यानं ती उचलली असती. ती कुणाचीच नाही म्हटल्यावर तिचं करायचं काय, हे त्याला कळेना.

त्यांनी तक्रार केली नाही. पण रोमेड दोन आठवडे कामावर आला नाही. झीटानं त्याला इन्सब्रुकला नेऊन डॉक्टरकडून तपासून घेतलं. तिनं मला नंतर सांगितलं की डॉक्टरनं त्याला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द पाठ करायला लावले, उलटे आकडे मोजायला लावले, आणि शेवटी म्हणाला की वयाच्या मानानं सगळं उत्तम आहे.

परत आल्यावर तो मधल्या सुट्टीत माझ्या खिडकीपाशी कॉफी घेऊन उभा राहिला.

"काही झालेलं नाही म्हणतात मला."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं आहे." त्यानं कप फिरवला. "पण गेर्लिंड, मग फाट्यावर काय झालं?"

मी म्हटलं, तू घाबरला होतास. तो म्हणाला, घाबरलेली गायसुद्धा आपला गोठा ओळखते. अजूनही मला वाटतं, घाबरलेल्या माणसाला काहीही होऊ शकतं. आणि अजूनही मधूनच वाटतं, की त्या फाट्यावर मी काहीतरी पाहिलं जे डॉक्टरनं पाहिलं नाही.

तमारा स्वतः आली. पुढच्या मोसमात पाट्यांवर नव्या नावाखाली जुनं नावही लिहू म्हणाली. रोमेडनं आभार मानले, पण त्याचा काही उत्साह दिसला नाही. त्यानं आपलंच काहीतरी सुरू केलं होतं. कुणी डोंगर विचारला की तो काउंटरमागून बाहेर यायचा, दुखरा गुडघा ओढत पाहुण्याला दारापर्यंत न्यायचा आणि बोटानं दाखवायचा. "तो. ज्याच्या खांद्यावर ऊन आलंय तो." नाव घ्यायचाच नाही. रांग लांबायची, लोक कुरकुरायचे, पण जायचे ते नीट त्याच डोंगरावर. धुक्याच्या दिवशी मात्र त्याची पंचाईत व्हायची. बोट दाखवायला काहीच नसायचं. तेव्हा तो सरळ सांगायचा, आज मला माहीत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाईट वाटलं. चौदा वर्षांत ते वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

यंदाच्या जानेवारीत हेसेल आणि जिल्डू परत आले. पोरगी हातभर वाढलेली. मी त्यांना लगेच ओळखलं. रोमेड उठून उभा राहिला. मला वाटलं, ती आता कुठला डोंगर विचारणार, आणि हा काय करणार. बाहेर धुकं होतं.

जिल्डूनं काही विचारलं नाही. ती म्हणाली, "तुम्ही चला आमच्याबरोबर."

त्यानं गुडघ्याचं सांगितलं. ती म्हणाली, आम्ही स्की घेत नाही, नुसतं रोपवेत बसून जाऊ. तो माझ्याकडे वळला. मी म्हटलं, जा, काउंटर मी बघते. तिघं हॉलच्या मधोमध उभे राहिले. चार दारं, चारांवर दोन-दोन नावं. बराच वेळ त्यांच्यापैकी कुणीच हललं नाही. मग ज्या दारापुढची रांग सगळ्यांत छोटी होती, त्यात ते जाऊन उभे राहिले.

चारच्या सुमाराला तो परत आला. टोपीवर बर्फ, नाक लाल. मी विचारलं, कसं होतं.

"हात पुढे केला तर हात दिसत नव्हता," तो म्हणाला, आणि कोट खुंटीला लावून पुढच्या पाहुण्याकडे वळला.